उंबरठ्यावरचा शब्द

एका राज्यात राजवाड्याचा उंबरठा जागृत होता. त्यावर उभे राहून माणूस जो शब्द बोले, तो खरा होई. म्हणून त्या राज्यात निघताना कोणी 'जातो' म्हणत नसे, 'येतो' म्हणे. मागे राहणारा 'या' म्हणे. शेंबड्या पोरालाही एवढे कळत होते.

राजकन्या हेमकलेलाही कळत होते. पण राग आला की तिला काहीच कळत नसे. रूप चंद्राचे आणि जीभ तलवारीची, असे दासी दबक्या आवाजात म्हणत. तिचा जीव जडला मेघांक नावाच्या गंधर्वावर. गंधर्वाचाही तिच्यावर, तिच्या जिभेसकट.

एके दिवशी इंद्रसभेतून गाण्याचे बोलावणे आले. उंबरठ्यावर मेघांक म्हणाला, "राजकन्ये, येतो."

"आमच्यापेक्षा इंद्र मोठा ना?" त्याच उंबरठ्यावर उभी हेमकला फणकारली. "मग जा!"

उंबरठ्याने दोन्ही शब्द ऐकले आणि दोन्ही खरे केले. तेव्हापासून रोज सांजेला मेघांक येई, पहिल्या पायरीवर पाऊल ठेवी, आणि न थांबता निघून जाई. डोळे तिला शोधत, पण पाय ऐकत नसत. हेमकला दारामागून बघत राही.

पिंजऱ्यातली साळुंकी म्हणाली, "बाईसाहेब, धावा, हात धरा त्यांचा."

"राजकन्या कोणाच्या मागे धावत नसते," हेमकला म्हणाली. उंबरठ्याचे तोंड पाहवेना, म्हणून मागल्या दाराने निघून ती मांत्रिक भृंगनाथाकडे गेली.

मांत्रिक म्हणाला, "त्याला थांबवायचे, तर कामे तीन. पाताळातल्या नागाचा मणी आणून पायरीवर ठेव."

ती पाताळात उतरली, नागाशी लढली, मणी घेऊन आली. मेघांकाचा चेहरा मण्याच्या उजेडात क्षणभर उजळला, आणि तो निघून गेला.

"आता सोनहंसाच्या पिसांचा दोर वळ, त्याला बांध."

तिने दोर वळला, त्याच्या कमरेला बांधला. दोर तिच्या हातांतून सरसरत गेला, तळवे सोलून निघाले. 'जा' या शब्दाने आता त्याची आठवणही नेली होती. त्या सांजेला मेघांकाने जाता जाता वळून विचारले, "बाई, आपण कोण?"

मण्यासाठी हेमकला रडली नव्हती, तळव्यांसाठी नव्हती. आता मात्र हमसून हमसून रडली.

"तिसरे काम?" तिने मांत्रिकाला विचारले.

"ते तुझे तुलाच शोधावे लागेल, माझी विद्या संपली. बोललेला शब्द मागे घेता येत नाही. त्याला 'ये' म्हणशील, तर तो रोज येतोच आहे."

ती विचार करीत परतली. तो येतो, तो जातो. जागचे हलत नाही ते आपणच.

दुसऱ्या सांजेला ती मुकुट उतरवून, अनवाणी, भर दरबारादेखत उंबरठ्यावर आली. महाराजांनी विचारले, "कन्ये, कुठे निघालीस?"

पायरीवर मेघांकाचे पाऊल पडले, तेवढ्यात ती म्हणाली, "येते!"

दरबाराने निरोप ऐकला. मेघांकाने सोबतीचे वचन ऐकले. शब्द एकच, आणि उंबरठ्याने तो दोन्ही अर्थांनी खरा केला.

ती धावली. राजकन्या धावली, सगळ्यांनी पाहिली! तिने त्याचा हात धरला. त्याला थांबता येत नव्हते, म्हणून तीच त्याच्याबरोबर चालू लागली. वेस मागे पडली, रान मागे पडले. वाटेत तो पुन्हा पुन्हा विचारी, "बाई, आपण कोण?" आणि ती न रागावता पुन्हा पुन्हा सांगे. या कथेतला सर्वांत मोठा चमत्कार हाच.

पण 'येते' म्हणून निघालेल्याला परतावेच लागते. वाट आपोआप वळली. तिच्या हातात त्याचा हात होता, म्हणून तोही वळला. उजाडता उजाडता दोघे वाड्याशी आली. ती पायऱ्या चढून उंबरठ्यावर उभी राहिली. तिच्या हातात हात, म्हणून तो खालच्या पायरीवर क्षणभर अडला. पाय तरीही निघायला ओढ घेत होते.

"हेमकले," तो म्हणाला. नाव आठवले होते. "अजून रागावली आहेस?"

"रागावले आहे," ती म्हणाली. मग त्याच्या 'येतो'ला जो शब्द त्या दिवशीच द्यायचा होता, तो तिने दिला.

"या."

मेघांकाचे पाय थांबले. तो आत आला.

तुमच्या दारातून निघणाऱ्यालाही वेळेवर 'या' म्हणणारे कोणी असो.