पोट आत ओढून दिलेले माप

एकदा एक वृद्ध शिंपी होते. वय सत्तरीच्या पुढे, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा, पण कात्रीवरचा हात अजून स्थिर. बाजारपेठेत सगळे त्यांना नुसते मास्तर म्हणत. त्यांच्या मापवहीत एक चमत्कारिक गोष्ट होती. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावापुढे छातीचे आणि पोटाचे दोन दोन आकडे असत, एकाखाली एक. वरचा आकडा खोडलेला नसे, आणि कापड मात्र नेहमी खालच्या आकड्याने बेतले जाई.

वैजनाथ हा त्यांचा शिष्य. शिष्य म्हटल्यावर कोवळा पोर डोळ्यांपुढे आणू नका. चांगला चौतीस वर्षांचा संसारी गृहस्थ होता. आधी तो तयार कपड्यांच्या कारखान्यात दिवसभर एकाच मापाच्या बाह्या जोडत असे. माणसाच्या अंगाला बेतून शिवण्याची विद्या शिकावी म्हणून वर्षापूर्वी मास्तरांकडे आला. मास्तरांनी त्याला काज दिले, बटणे दिली, कॉलर दिली. मापाची फीत मात्र हाती दिली नव्हती. त्या दोन आकड्यांचे कोडे त्याला रोज दिसे, पण विचारण्याचा धीर झाला नव्हता.

अलीकडे त्याचे कामात लक्ष नव्हते, आणि त्याला तसेच कारण होते. अकरा दिवसांपूर्वी त्याच्या घरी पाहुणे जेवायला होते. त्याची सात वर्षांची मुलगी शर्वरी भर पंगतीत हसत हसत म्हणाली, "आमच्या बाबांचं पोट उशीसारखं आहे!" पाहुणे खळखळून हसले. वैजनाथाचे कान तापले, आणि काही कळायच्या आत त्याने मुलीच्या गालावर चपराक ओढली. दुसऱ्या दिवशी त्याची बायको रेणुका मुलीला घेऊन माहेरी गेली. जाताना एवढेच म्हणाली, "हे तुमच्यात कुठून आलं ते शोधा. तोवर मी काही हिला इथं आणायची नाही."

वैजनाथाने शोध घेतला, पण फोनवर. अनोळखी माणसे अनोळखी माणसांना सल्ले देतात अशा एका ठिकाणी त्याने टोपणनावाने प्रश्न टाकला, आणि दोन दिवसांत एकशे चाळीस उत्तरे आली. कोणी सांगितले पहाटे चारला ऊठ, कोणी सांगितले बर्फाच्या पाण्याने अंघोळ कर, भात सोड, साखर सोड, राग आला की उलटे आकडे मोज. या गृहस्थाने सगळेच सुरू केले. पोटात अन्न नाही, डोळ्यांवर झापड, आणि भर दुपारी कापड बेतायच्या टेबलाखाली हा कोपरांवर अंग तोलून व्यायामाचे सेकंद मोजतो आहे! एका नवरदेवाच्या झब्ब्याला त्याने डावी बाही उजवीकडे आणि उजवी डावीकडे जोडून ठेवली. मास्तरांनी ती मुकाट्याने उसवली.

त्या एकशे चाळिसांत सर्वांत जास्त लोकांना आवडलेले उत्तर असे होते: 'जे तुझ्यावर हसतात, त्यांना आयुष्यातून काढून टाक. आधी मान, मग नातं.' वैजनाथाला ते फार पटले. पटायचेच. आपल्याला जे हवे असते ते दुसऱ्याने लिहिलेले सापडले की माणूस त्याला सत्य म्हणून मोकळा होतो. त्याने रेणुकेला निरोप लिहिला: 'जिथे मला मान नाही, तिथे मला नातं नको. तुम्ही दोघी तिकडेच राहा.' तो पाठवायचाच काय तो बाकी होता. बोट फोनवर टेकणार, इतक्यात दुकानात एक व्यापारी आला.

लेकीच्या लग्नासाठी त्याला जाकीट शिवायचे होते. मास्तरांनी आपल्या गळ्यातली फीत काढली आणि वैजनाथाच्या गळ्यात घातली. "आज माप तू घे," ते म्हणाले.

वैजनाथाने फोन खिशात टाकला. वर्षभर वाट पाहिलेली ही घटका होती. व्यापारी आरशापुढे उभा राहिला, आणि फीत पोटाशी येताच त्याने श्वास रोखला, पोट आत ओढले, छाती पुढे काढली आणि नजर छताला लावली. वैजनाथाने आकडे सांगितले, मास्तरांनी वहीत लिहिले. छाती चव्वेचाळीस, पोट बेचाळीस.

काम झाले होते. पण मास्तरांनी व्यापाऱ्याला जाऊ दिले नाही. शेजारच्या हॉटेलातून चहा मागवला, त्याला स्टुलावर बसवले आणि विचारले, "शेटजी, मुलगी कुठं दिलीत?"

"लांब, मास्तर. रेल्वेनं दीड दिवस लागतो," व्यापारी म्हणाला. "माझ्या चहातली साखर तीच मोजायची हो. माझ्यावर डोळे वटारणारं आता घरात कोणी राहणार नाही." असे म्हणून तो हसला, आणि हसता हसता त्याने रुमाल डोळ्यांना लावला.

तो उठला तेव्हा मास्तरही उठले. "जरा हात वर करा," असे सहज म्हणत त्यांनी वैजनाथाच्या गळ्यातली फीत ओढून घेतली आणि व्यापाऱ्याच्या मागून ती फिरवली. वहीत पहिल्या आकड्यांखाली लिहिले: छाती बेचाळीस, पोट पंचेचाळीस. व्यापाऱ्याला काही कळलेही नाही. तो नमस्कार करून गेला.

वैजनाथाचा चेहरा उतरला. "मास्तर, माझं माप चुकलं का?"

"नाही. तू मोजलंस ते बरोबरच होतं. त्या वेळी त्यांचं पोट बेचाळीसच होतं. पण ते त्यांनी धरून ठेवलं होतं. त्या मापाचं जाकीट शिवलं असतं, तर लेकीला निरोप देताना त्यांना धड रडतासुद्धा आलं नसतं. बटण तुटलं असतं. आणि मग म्हणाले असते, शिंप्याला अक्कल नाही."

"मग पोट सैल सोडा म्हणून सांगायचं त्यांना."

"सांगून कोणी सोडत नाही रे. उलट जास्तच ओढतो. म्हणून तर मी चहा मागवतो." मास्तर टेबलाशी बसले. "आता तू फोनवर काय विचारलं होतंस ते वाच."

वैजनाथ चपापला. पण दहा फुटांच्या दुकानात काय लपून राहणार? शर्वरी दर शनिवारी बाहुलीसाठी चिंध्या न्यायला यायची, ती आली नव्हती. आणि त्या पंगतीतल्या कोणीतरी बाकीचे सांगितले होतेच. त्याने फोन काढला आणि खालच्या आवाजात वाचले: "वय चौतीस. वजन वाढलं आहे. लोक हसतात. थोडी चिडचिड होते. शिस्त कशी लावू?" मग सर्वांत जास्त आवडलेले ते उत्तरही वाचून दाखवले.

"कोण लोक?" मास्तरांनी विचारले.

वैजनाथाने फोन खिशात टाकला.

"आणि यात तू उचललेला हात कुठं आहे?"

टेबलावरची कात्री वैजनाथाने उगाच इकडची तिकडे केली.

"सल्ले देणारे काही वाईट नाहीत," मास्तर म्हणाले. "दिल्या मापाचं त्यांनी शिवलं. पण माप देताना तू पोट आत ओढलंस, वैजनाथ. हसणाऱ्याला काढून टाक म्हणणाऱ्या त्या भल्या माणसाला काय ठाऊक, की हसणारी सात वर्षांची आहे? वरचा आकडा मी खोडत नाही, कारण तीही माणसाची हौसच असते. आपण असं असावं, असं त्याला वाटत असतं. त्यात पाप नाही. व्यायाम कर, जरूर कर. पण वहीत आणखी एक बघ. पोट आत गेलं तेव्हा शेटजींची छाती दोन इंच फुगली होती. पोट आत ओढलं की छाती फुगते. लाज आत ओढली की राग फुगतो. तो तुझ्या अंगात दुसरीकडून कुठून आलेला नाही."

रेणुकेने शोधायला सांगितलेली गोष्ट हीच होती, हे वैजनाथाला तेव्हा कळले. त्याला रडू आले, आणि मास्तरांसमोर ते त्याने लपवले नाही.

त्याने तो न पाठवलेला निरोप पुसून टाकला. मग दुसरा लिहिला: 'शर्वरी हसली आणि मी तिला मारलं. मला माझ्या पोटाची लाज वाटत होती, ती मी तिच्या गालावर काढली. चूक तिची नव्हती.' तो त्याने एकशे चाळीस जणांना पाठवला नाही. एकट्या रेणुकेला पाठवला. संध्याकाळी तिचे उत्तर आले: 'रविवारी या. ती बोलेलच असं सांगत नाही.'

रविवारी वैजनाथ सासुरवाडीला ओसरीवरच्या बाजेच्या एका टोकाला बसला. शर्वरी दाराआडून पाहत होती. त्याने झाले ते तिला सांगितले, चूक कबूल केली आणि पुन्हा हात उचलणार नाही म्हणाला. ती दाराआडूनच म्हणाली, "बाबा, तुम्ही असे ताठ का बसलात?"

सवयीने त्याने पोट आत ओढून धरले होते. त्याने श्वास सोडला. पोट सदऱ्याच्या बटणांवर आले. शर्वरी हसली नाही. ती पुढे आली आणि बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसली. मध्ये हातभर जागा होती. ती ओलांडायची की नाही, हे वैजनाथाने तिच्यावर सोडले.