येसाई परटीण आणि लाल झालेली हळद

हळदीचा डाग रक्तासारखा लाल झालेला कधी पाहिलाय का तुम्ही? नाही ना? मग ऐका.

फार फार वर्षांपूर्वी, नदीला बारा महिने पाणी असायचं त्या काळी, आंबेखोल गावात येसाई नावाची परटीण राहायची. तिने धुतलेलं कापड इतकं पांढरं व्हायचं, की बगळे आपलाच कुणी सोबती समजून दोरीवर येऊन बसायचे, असं म्हणतात. साबण तेव्हा गावात आला नव्हता. येसाई केळीची वाळली सोपटं जाळायची, राख पाण्यात कालवायची आणि वरचं निवळ पाणी गाळून घ्यायची. त्या खाऱ्या पाण्यापुढे तेल टिकायचं नाही की वंगण.

गावात लग्नाची एक रीत होती. ज्या धोतरावर नवऱ्याला हळद लागायची, त्याच धोतरावर मग नवरीला बसवायचं. दुसऱ्या दिवशी तेच पिवळं धोतर अंतरपाट म्हणून धरायचं. ते फक्त नदीत खळबळायचं, त्याला दुसरं काही लावायचं नाही.

केसरच्या लग्नात मात्र त्या धोतराला बैलगाडीचं काळं वंगण लागलं. केसरची बाळुतीसुद्धा येसाईनेच धुतली होती. तिच्या अंतरपाटावर काळा डाग येसाईला कसा बघवणार? तिने धोतर सरळ राखेच्या पाण्यात बुडवलं. वंगण निघालं, पण हळद लालभडक झाली! येसाईने ते नदीत दहादा खळबळलं. लाली काही जाईना.

ती तसंच ओलं धोतर घेऊन मांडवात आली. नवऱ्याची बनाआत्या त्याची दृष्ट काढायला लिंबू कापून उभी होती.

"अगं बया! रक्त!" आत्या किंचाळली. "असल्या अपशकुनी घरची पोर आम्हांला नको. गाड्या जुंपा रे!"

केसरला हुंदका आवरेना. "येसूमावशी, काय केलंस गं हे?"

"चूक माझी हाय, आत्याबाई. पोरीचं लगीन नका मोडू," येसाई हात जोडून म्हणाली. "काय बोलायचं ते मला बोला."

"बोलते कसली, थांब!" असं म्हणत आत्याने हातातलं लिंबू तिच्यावर फेकलं. नेम चुकला. लिंबू धोतरावर आपटलं, आणि जिथे जिथे रस उडाला, तिथे तिथे लाली विरून पिवळीधमक फुलं उमटली.

मांडवातली माणसं बघायला पुढे सरसावली.

येसाईने लिंबू उचलून पुन्हा पिळलं. आणखी पिवळं! मग तिने चुलीतली राख पाण्यात कालवून त्याचं बोट त्यावर टेकवलं. लाल! वर लिंबाचा थेंब. पुन्हा पिवळं!

"आत्याबाई, रक्त कधी लिंबानं पिवळं होतं का हो?" तिला हसू फुटलं. "ही आपली हळदच हाय. खारं लागलं की लाजते, आंबट लागलं की हसते."

आत्याने गाल फुगवून धोतराकडे पाहिलं. "मग आता आमचं तोंड काय बघतेस? पीळ की!"

घराघरांतून लिंबं आली, आणि पिवळं झालेलं धोतर येसाईने पुन्हा नदीत खळबळलं. असं म्हणतात, की त्या संध्याकाळी नदी तीन गावं पिवळी वाहिली, मासेसुद्धा हळद लावल्यासारखे दिसायला लागले, आणि त्या वर्षी आंबेखोलात एकाही घरी लिंबाचं लोणचं पडलं नाही.

आजही तिथे लग्न असलं, की हळदीचं धोतर भर मांडवात राखेच्या पाण्याने लाल करतात. मग नवऱ्याच्या आत्याने लिंबू पिळून ते पिवळं करायचं. याला 'येसाईची हळद' म्हणतात. पोरंटोरं सगळ्यांत पुढे बसतात, आणि आत्याने किती लिंबं लावली ते ओरडून मोजतात.

आणि केसरचं काय झालं म्हणता? दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन मांडवात यायच्या आत, त्याच पिवळ्या अंतरपाटाआड तिचं लग्न लागलं.