सगळ्यांना एकच माप

कॅमेरे बोलायचे आणि पक्षी त्यांच्याशी भांडायचे, त्या काळातली ही गोष्ट. तळ्याकाठी सरमळकर बाई आपल्या कॅमेऱ्याने पाखरांचे फोटो काढत. फोटो निघाला की पाखरं कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या काचेत स्वतःला बघायला धावत.

एकदा पांढराशुभ्र बगळा ओरडला, "हा मी? चुलीतल्या राखेत लोळून आल्यासारखा दिसतोय!"

"आणि माझा काळा रंग कुठे गेला?" कावळा म्हणाला. "अशाने बायको घरट्यात घ्यायची नाही मला!"

कॅमेरा शांतपणे म्हणाला, "मी भेदभाव करत नाही. पांढऱ्याचा उजेड कमी करतो, काळ्याचा वाढवतो, म्हणजे सगळे सारखेच राखी येतात. सगळ्यांना एकच माप."

"न्याय असावा तर असा!" राखी बगळा म्हणाला. तो मुळातच राखी, त्याचे फोटो नेहमी हुबेहूब यायचे. "या दोघांना उगाच मिरवायचंय."

बाईंनी मात्र कॅमेऱ्याच्या डोक्यावरचं चाक फिरवलं. कावळ्यासाठी उजेड घटवला, तो काळाकुळकुळीत आला. मग पांढऱ्या बगळ्यासाठी भरपूर वाढवला, तो दुधासारखा आला. दोघं खुशीत बाभळीवर जाऊन बसले.

"आता माझा काढा," म्हणत राखी बगळा रुबाबात पुढे आला. बाई चाक परत जागेवर आणायला विसरल्या. काचेत पिठात बुचकळलेलं भूत उभं राहिलं.

"अन्याय! अन्याय!" राखी बगळा किंचाळला. "ज्याचा त्याचा रंग बघून उजेड द्यायला नको?"

बाभळीवरून कावळ्याने विचारलं, "का हो काका, तुम्हालाही मिरवायचंय होय?"