ठोसरांची भिंगं

“…मग यातलं कुठलं घेऊ, मास्तर?”

पडवीत चटईवर श्रीरंग ठोसरांनी चार भिंगं मांडली होती. एकेक उचलून ते एलिझर मास्तरांच्या हातात देत होते.

मास्तरांना आता काहीच दिसत नव्हतं. रेवदंड्याच्या शाळेत त्यांनी जन्मभर चित्रकला शिकवली. आणि रविवारी, ज्याला हौस असेल त्याला, टपालाची तिकिटं कशी पाहायची ते शिकवलं. ठोसर त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. पुढे पुण्याला गेले, पदकं मिळवली, प्रदर्शनांचे परीक्षक झाले. कित्येक वर्षांत इकडे फिरकले नव्हते.

आता ठोसरांच्याही डोळ्यांचा पडदा मधोमध झिजत चालला होता. कडेचं दिसे. जिथे बघावं नेमकं तिथेच धूसर.

“हे कसलं?” मास्तरांनी पहिलं भिंग चाचपलं.

“दहापट मोठं दाखवतं. डोळ्याशी धरायचं.”

“यात तिकिटाचा कोपराच मावतो. आणि आपल्या वयात हात थरथरतो. हे?”

“स्टँडवर बसतं. आत दिवा आहे.”

“उजेड सरळ वरून पडतो?”

“हो.”

“मग कागदाचे चढउतार दिसायचे नाहीत. उजेड आडवा हवा. मी शिकवलं होतं तुला.”

“विसरलो नाही, मास्तर. अजून माझ्या शब्दावर तिकीट खरं की खोटं ठरतं.” ठोसरांनी उरलेली दोन पुढे सरकवली. “हे डोक्याला बांधायचं, हात मोकळे राहतात. आणि हे तर भिंगही नाही, कॅमेरा आहे. खाली तिकीट ठेवलं की टीव्हीवर ताटाएवढं दिसतं.”

“ताटाएवढं.” मास्तर हसले. “मग अडचण काय?”

“मोठं दिसतं… स्पष्ट दिसत नाही. डोळ्यातला मधला डाग त्यावरही येतोच.”

खांबाला टेकून मास्तरांच्या पत्नी, रिबकाबाई, अडकित्त्याने सुपारी कातरत होत्या. वाडीतली सुपारी यंदा बरी आली होती.

“तुम्ही यातून गेला आहात,” ठोसर म्हणाले. “शेवटी शेवटी तुम्ही कुठलं वापरत होता?”

“कुठलंच नाही. मी सोडून दिलं.”

“मला नाही सोडता येत.”

“तुझा संग्रह तुला तोंडपाठ असेल. आता नव्याने काय बघायचंय?”

“एक तिकीट तपासायचंय.”

“दुसऱ्या कुणाकडून तपासून घे.”

“घेतलं,” ठोसर म्हणाले. “पराग म्हणून माझा विद्यार्थी आहे. हल्ली तोच माझ्यासाठी बघतो. परवा म्हणाला, सर, हे तिकीट डागडुजी केलेलं आहे. मागून कागद पातळ झाला होता, कुणीतरी लगदा भरून सारखा केलाय. तुमच्या संग्रहात हे शोभत नाही. माझ्याकडे राहू दे, शिकायला उपयोगी पडेल.”

“मग दे.”

“मास्तर, तो खोटं बोलतोय!” ठोसरांचा आवाज चढला. “चिमटा कसा धरायचा तेसुद्धा मी शिकवलं त्याला. आणि माझ्या तोंडावर, मला दिसत नाही म्हणून…”

“खोटं कशावरून?”

“मला ठाऊक आहे. ते तिकीट अखंड आहे. माझे डोळे धड होते तेव्हा मी स्वतः पाहिलंय. पुढून, मागून, डागडुजी उघडी पाडणाऱ्या बेंझिनमध्ये बुडवून. कागदाला सुईच्या टोकाएवढी इजा नाही.”

“असं ठाऊक आहे, तर भिंग कशाला हवं?”

ठोसर म्हणाले, “कारण तो बोलल्यापासून मला झोप नाही. वाटतं, आपणच तेव्हा चुकलो असलो तर… आपली नजर मुळात तेवढी नसली तर…”

मास्तरांनी विचारलं, “कुठलं तिकीट?”

ठोसरांनी चटईवरची भिंगं उगाच सरळ केली.

“श्रीरंग, कुठलं तिकीट?”

“…हिरवं.”

अडकित्त्याचा आवाज थांबला.

ते हिरवं तिकीट मुळात मास्तरांचं. कुठल्याशा लहान संस्थानाचं, एरवी निळ्या शाईत छापलेलं. हे एकच चुकून हिरव्या शाईत उतरलेलं. अलिबागच्या बाजारात रद्दीच्या ढिगात मास्तरांना ते ऐन तारुण्यात सापडलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी स्वतःच्या नजरेने ओळखलं होतं. पुढे डोळे अधू होऊ लागले तेव्हा त्यांनी ते ठोसरांसमोर ठेवलं आणि म्हणाले, मला आता नीट दिसत नाही, तू एकदा बघून सांग.

ठोसरांनी बघितलं होतं आणि सांगितलं होतं.

“पण ते तर डागडुजी केलेलं आहे,” मास्तर आता सावकाश म्हणाले. “मागून कागद पातळ झाला होता, कुणीतरी लगदा भरला. तूच म्हणालास. इथेच बसून. म्हणून तर मी म्हटलं, घेऊन जा, मला नको.”

ठोसर चटईकडे बघत राहिले.

“मास्तर, तेव्हा मी…”

“तेव्हा तू खोटं बोललास.”

“…हो.”

मग ठोसर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात आर्जव होतं, “तुम्हाला कळलं होतं ना? मला नेहमी वाटायचं, मास्तरांना कळलंय. कळून त्यांनी मोठ्या मनाने दिलं. त्याच समजुतीवर मी आजवर…”

“नाही. मला नाही कळलं. मी तुझ्यावर विश्वास ठेवला.”

“इतकी वर्षं?”

“आत्तापर्यंत.”

रिबकाबाईंनी अडकित्ता खाली ठेवला.

“तू गेलास त्याच दिवशी यांनी भिंग पेटीत घातलं,” त्या म्हणाल्या. “डॉक्टर म्हणाले होते, अजून काही वर्षं थोडंफार दिसत राहील. मी म्हणायची, बसा की तिकिटं घेऊन, दिसतंय तोवर बघून घ्या. तर म्हणायचे, उभी हयात जे तिकीट छातीशी धरलं त्याची डागडुजी मला दिसली नाही. माझी नजर कधी नव्हतीच. आता कशाला बघू?”

“रिबका, जाऊ दे.”

“सगळे अल्बम वाटून टाकले. नुसते बसून राहायचे इथे. दिसत होतं तरी.” त्यांनी परडी उचलली आणि त्या आत गेल्या. ठोसरांना कुणी चहा विचारला नाही.

ठोसरांनी खिशातून पाकीट काढलं. “आणलंय मी, मास्तर. तुमचंच आहे. हे घ्या.”

मास्तरांनी हात पुढे केला. ठोसरांनी चिमट्याने ते तिकीट त्यांच्या तळहातावर ठेवलं.

मास्तरांनी ते उलटं केलं. कडेने धरून पाठची बाजू खालच्या ओठाला लावली. बोटांना न कळणारी भरलेली जागा ओठाला कळते. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत हळूहळू सरकवली. मग आडवी. मग पुन्हा एकदा, मधोमध.

त्यांचा चेहरा क्षणभर हलला. जसा आरशात स्वतःचं तोंड ओळखताना माणसाचा हलतो. मग परत होता तसा झाला.

ठोसर पुढे सरकले. “काय आहे, मास्तर? अखंड आहे ना?”

मास्तरांनी तिकीट परत तळहातावर ठेवलं.

“शिक्षा करा, हाकलून द्या, पण एवढं एक सांगा. पराग खरा की खोटा? उद्यापासून मला त्याच्याच डोळ्यांनी बघायचंय. बाकी कुणी नाही मला.”

मास्तरांनी चाचपडत ठोसरांचा हात शोधला आणि तिकीट त्यावर ठेवलं.

“तुम्ही ठेवत नाही?”

“मी काय बघणार आता?”

“मग माझ्यासाठी तरी… तुम्हाला कळलंय. तुमच्या तोंडावर दिसलं मला.”

“तुला दिसलं?”

ठोसरांनी चटईवरची भिंगं एकेक करून पिशवीत भरली. उठले. पायरीपाशी थांबले.

“मास्तर…”

“पराग काय म्हणाला?”

“डागडुजी केलेलं आहे म्हणाला.”

“मग त्याचं ऐक,” मास्तर म्हणाले. “मी तुझं ऐकलं होतं.”