काळ्या गडाची परीक्षा

एका राज्यात एकवीस वर्षे कोणाच्याही घरी पोथी उरली नव्हती. वैद्यांना औषधे आठवेनात, नावाड्यांना तारे ओळखू येईनात, आणि पाटाचे पाणी कोणत्या गावाला किती सोडावे हे कोणालाच सांगता येईना.

त्याला कारण घडले ते असे. राजा धवलकीर्तीच्या वडिलांनी कालंजन नावाच्या मायावी पंडिताला, त्याची विद्या न पारखताच, भर दरबारातून हाकलून दिले. कालंजन वेशीबाहेर गेला आणि त्याने एक टाळी वाजवली. त्यासरशी राज्यातल्या साऱ्या पोथ्या फडफडत उडाल्या आणि काळ्या गडाच्या भांडारात जाऊन बसल्या. भांडाराचे दार आपोआप लागले.

"माझी परीक्षा न घेता मला घालवलेत," कालंजन म्हणाला. "आता परीक्षा मी घेईन. दर चैत्री पौर्णिमेला जो माझे तीन प्रश्न सोडवील, त्याला हे दार उघडेल. जो चुकेल तो पक्षी होईल आणि दार उघडेपर्यंत पाठ केलेलीच वाक्ये बोलत राहील. मी अन्यायी नाही. परीक्षेला बसणाऱ्याला वर्षभर आधी तीन पोथ्या मिळतील. एक पाण्याची, एक वनस्पतींची, एक ताऱ्यांची."

एकवीस वर्षांत एकशे सात जण परीक्षेला बसले. एकशे सातही जणांचे पक्षी झाले; एकशे सहा गडाखालच्या वडावर राहिले.

शेवटचा पक्षी होता सारंगधर, पाटाचे पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याचा थोरला मुलगा. त्याला तिन्ही पोथ्या तोंडपाठ होत्या. पहिल्या पानापासून म्हणायचा, शेवटच्या पानापासूनही म्हणायचा. तरी पहिल्याच प्रश्नाला तो चुकला, आणि गडाच्या खिडकीतून एक साळुंकी बाहेर पडली. ती वडावर न थांबता उडत घरी आली आणि धाकटी बहीण कमळजा हिच्या खांद्यावर बसली.

कमळजा तीन दिवस रडली. चौथ्या दिवशी ती काळ्या गडावर गेली आणि तिने तीन पोथ्या मागून घेतल्या.

"तुझ्या भावाचे काय झाले ते पाहिलेस ना?" कालंजनाने विचारले.

"पाहिले, महाराज. म्हणूनच आले."

घरी येऊन तिने पाण्याची पोथी उघडली आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत घोकली. वनस्पतींची पोथी घोकली. ताऱ्यांची घोकली. श्रावण आला तेव्हा तिने सहज पाण्याच्या पोथीतले पहिले प्रकरण आठवून पाहिले. निम्मे पुसून गेले होते.

आई चुलीपाशी भाकरी थापत होती. लेकीचा चेहरा पाहून ती म्हणाली, "कमळे, ते पीठ तू रोज मळतेस, म्हणून हाताला ठाऊक आहे. पोथीचे मागले पान तू किती दिवसांत उघडले नाहीस?"

"आषाढापासून," कमळजा म्हणाली.

"मग ते कसे राहील?"

त्या दिवसापासून कमळजाने रीत बदलली. एक पान वाचायचे, पोथी मिटायची आणि वाचलेले साळुंकीला आपल्या शब्दांत सांगायचे. साळुंकीला पोथीतल्या ओळींपलीकडे काही बोलता येत नव्हते, पण ओळी मात्र अचूक येत होत्या. कमळजा चुकली की साळुंकी मान वाकडी करून खरी ओळ म्हणे. एकदा कमळजा म्हणाली, "ज्वरकारी वेलीचा चीक वाऱ्याने तांबडा पडतो." साळुंकीने तिच्या कानाला चोच मारली आणि ती म्हणाली, "काळा पडतो, काळा पडतो." कमळजा कान चोळत हसली. भाऊ पक्षी झाल्यापासून ती प्रथमच हसली होती.

शिकलेले पान ती दुसऱ्या दिवशी पुन्हा आठवून पाही, मग आठवड्याने, मग महिन्याने. पाण्याचे प्रकरण झाले की वडिलांबरोबर पाटावर जाई. वेलींचे प्रकरण झाले की रानात जाई. अंगणात बाज टाकून ती तारे ओळखी. माघ संपला तेव्हा तिला तिन्ही पोथ्या शब्दाला शब्द येत नव्हत्या, पण त्यात काय सांगितले आहे आणि का सांगितले आहे हे ती कोणालाही समजावून देऊ शकली असती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी वडिलांनी पोथ्या फडक्यात बांधून फडताळावर ठेवल्या. "आता पुरे. जेव आणि नीज," ते म्हणाले. कमळजा पोटभर जेवली आणि गाढ झोपली.

चैत्री पौर्णिमेच्या सकाळी राजा धवलकीर्ती दरबाऱ्यांसह स्वतः गडावर आला होता. दरवर्षी तो येई आणि मान खाली घालून परत जाई. कालंजन पाषाणाच्या चौरंगावर बसला होता. त्याने हात फिरवताच जमिनीवर तळहाताएवढी तीन गावे उमटली, आणि त्यांच्यामधून करंगळीएवढा कोरडा पाट.

"पाणी थोडे आहे. तिन्ही गावांना सारखे दे."

सारंगधराने इथे पोथीतले अख्खे प्रकरण म्हणून दाखवले होते. कमळजा गुडघे टेकून बसली आणि तिने पाटाची माती बोटाने चाचपली.

"सुरुवात सर्वांत खालच्या गावापासून करीन," ती म्हणाली. "कोरडा पाट आधी स्वतः पाणी पितो. पाटाने प्यायलेले पाणी गावाच्या वाट्यात धरणार नाही. खालच्या गावाच्या शिवारात पाणी पोचले की मग घटिका मोजीन. तितक्याच घटिका मधल्या गावाला, तितक्याच वरच्याला."

इवलेसे पाणी खळखळत आले आणि तिन्ही गावे हिरवी झाली. राजाने मान वर केली.

कालंजनाने दोन वेली पुढे ठेवल्या. पान सारखे, फूल सारखे, वास सारखा. "एक ज्वरहारी, एक ज्वरकारी. औषध कोणते, विष कोणते?"

कमळजाने वेलींकडे पाहिले आणि तिला काहीच आठवेना. तिच्याबरोबर येऊन खिडकीत बसलेल्या साळुंकीने पंख मिटून घेतले. कमळजाने डोळे मिटले, दहा श्वास मोजले आणि विचारले, "महाराज, हा प्रश्न बाजूला ठेवून तिसरा आधी घेतला तर चालेल का?"

कालंजनाच्या भुवया वर गेल्या. "एकवीस वर्षांत असे कोणी विचारले नाही. नियमात मनाई नाही. घे."

त्याने बोट उचलले. गडाच्या छताचे काळे आभाळ झाले आणि त्यात एकच तारा लुकलुकू लागला. "उत्तर दिशा दाखव."

"थोडा वेळ बघते," कमळजा म्हणाली. तिने खांबाच्या टोकाशी ताऱ्याची रेघ जुळवली आणि ती स्वतः जागची हलली नाही. एक घटिका गेली, दुसरी गेली. दरबारी कुजबुजू लागले. तारा खांबाच्या टोकावरच होता.

"इतक्या वेळात दुसरा कुठलाही तारा सरकला असता," ती म्हणाली. "हा ध्रुव आहे. उत्तर तिकडे."

छत पुन्हा छत झाले. ती वेलींकडे वळली, आणि कानाला चोच लागल्याचा तो दिवस तिला लख्ख आठवला. तिने दोन्ही देठ मोडले. दोन्हींतून पांढरा चीक आला. तिने तो वाऱ्यावर धरला आणि थांबली. डावीकडचा चीक हळूहळू काजळासारखा काळा पडला.

"ही ज्वरकारी. दुसरी औषधाची."

भांडाराचे दार मोठा आवाज करीत उघडले. पोथ्यांचे थवे बाहेर पडले, आभाळ झाकोळून गेले, आणि एकेक पोथी आपापल्या घरी जाऊन उतरली. वडाखाली एकशे सहा माणसे आपले हात निरखीत उभी राहिली. खिडकीत सारंगधर बसला होता. तो काही बोलू पाहत होता, पण वर्षभरात स्वतःचा शब्द न उच्चारल्याने त्याला सुरुवात सापडेना. अखेर तो म्हणाला, "कमळे, मला भूक लागली आहे." कमळजाने त्याला मिठी मारली.

राजा धवलकीर्ती कालंजनासमोर गेला आणि त्याने आपला मुकुट काढून हातात घेतला. "माझ्या वडिलांनी तुमचा अपमान केला. मी क्षमा मागतो."

"ती आज मागितलीत," कालंजन म्हणाला, "एकवीस वर्षांपूर्वी मागता आली असती. पण मीही पाखरे करण्यापेक्षा शिकवायला हवे होते." त्याची माया ओसरली होती. चौरंगावर एक थकलेला म्हातारा पंडित बसला होता. राजाने त्याला पाठशाळेत मानाची जागा दिली, आणि परीक्षा घेण्याचा अधिकार कमळजाला दिला.

त्या वर्षी पाटावरच्या साऱ्या गावांची शेते एकदम पिकली आणि घरोघरी वैद्य निर्धास्तपणे काढे उकळू लागले.

पुढल्या चैत्रात कमळजाने पहिली परीक्षा घेतली. शंभरावर लोक बसले, त्यांत सारंगधरही होता. तो एका प्रश्नात चुकला. सारी पाठशाळा श्वास रोखून त्याच्याकडे पाहू लागली, कित्येकांचे हात नकळत आपल्या दंडांवर गेले, पिसे फुटतात की काय म्हणून. कमळजाने पोथी उचलून भावाच्या हातात ठेवली.

"सातवे प्रकरण पुन्हा वाच, दादा. भाद्रपदात ये."

सारंगधर पोथी घेऊन घरी गेला. भाद्रपदात तो आला, त्याने प्रश्न ऐकला आणि आपल्या स्वतःच्या शब्दांत उत्तर दिले.