कोठारशाळेचा दिवा

कवठेमाळच्या शाळेत पाहुणा आला की त्याची नजर आधी मधल्या दालनातल्या दगडी झाकणावर जाते. झाकणाभोवती मुलांची बाकं आणि झाकणाच्या कडीला दोरीने बांधलेला पितळी दिवा. हे काय, असं पाहुणा विचारतो. मग गावातलं कुणी म्हातारं माणूस त्याला बाकावर बसवून सांगू लागतं.

ही शाळा म्हणजे इनामदारांचं जुनं धान्याचं कोठार. भिंती अजून भक्कम, तेव्हा गावाने त्याचीच शाळा करायचं ठरवलं. काम राणू गवंड्याकडे होतं आणि त्याची बायको तानूबाई पाट्या वाहायची. खिडक्या निघाल्या, फरशी बसली. उरलं ते जमिनीखालचं ज्वारीचं पेव. तळाची कुजकी ज्वारी काढून ते बुजवलं की दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, शाळा भरणार होती.

बंद पेवातली हवा माणसाला मारते. म्हणून आधी आत दिवा सोडायचा आणि तो विझला तर उतरायचं नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. राणूने दिवा सोडला. तो विझला. “वारं आसंल,” असं म्हणून राणू हसला म्हणे, आणि शिडीने उतरला. घाई माणसाला कुठे नेते बघा. खालून धप्प असा आवाज आला आणि मग काहीच नाही.

राणूचा धाकटा भाऊ येशा शिडीकडे धावला. तानूबाई त्याच्या आडवी आली. नवरा खाली पडलेला आणि त्याच्याकडे जायची वाट तीच अडवून उभी. काय झालं असेल त्या बाईच्या जिवाचं!

“दिवा जगल्याबिगर कुनी उतरायचं न्हाई, भावजी,” ती म्हणाली. “येक गेलाय, दुसरा मी धाडनार न्हाई.”

येशाने तिला नाही नाही ते सुनावलं. तिने ऐकून घेतलं, पण जागची हलली नाही. बायांनी सुपांनी वारं घातलं, ओली घोंगडी दोरीने खालीवर हलवली. दिवा सोडला, विझला. पुन्हा सोडला, पुन्हा विझला. शेवटी ज्योत तळाशी तेवत राहिली तेव्हाच ती बाजूला झाली. येशाने राणूला खांद्यावर घेऊन वर आणलं. त्याचं अंग थंड पडलं होतं.

पाडवा सुतकात गेला. पुढे शाळा भरली, पण तानूबाईने पेव बुजवू दिलं नाही असं सांगतात. पोरांच्या डोळ्यांपुढे राहू दे, एवढंच म्हणाली.

आजही शाळा सुरू होते त्या दिवशी घंटेआधी झाकण सरकवून दिवा आत सोडतात. तो जळत वर येईपर्यंत पोरं श्वास रोखून धरतात. तानूबाईला मूलबाळ नव्हतं. दोरी धरायला येतं ते येशाच्या घरचं माणूस, आणि ते घर आज माणसांनी भरलेलं आहे.