अल्डरहोपची अबोल घटका

इंग्लंडच्या उत्तरेला अल्डरहोप नावाचं खेडं आहे. तिथे दरवर्षी मार्चातल्या एका दुपारी सगळा गाव एकदम गप्प होतो. पाणचक्की थांबते, कुत्री घरात कोंडली जातात. पाहुणे बावचळतात. मग चर्चचे म्हातारे घंटावाले प्रॉसर, आदल्या संध्याकाळी आपण सांगितलेली हकिकत आठवा, असं त्यांना खुणावतात.

सातशे वर्षांपूर्वी, म्हणे, इथला बॅरन लढाईत पडला. बॅरन म्हणजे राजाकडून जमीन आणि मान दोन्ही मिळालेला सरदार. आपल्याकडच्या जहागीरदाराचाच भाऊबंद म्हणा. मागे राहिली त्याची बायको ॲव्हिस, सात महिन्यांची गरोदर. मूल जिवंत जन्मलं, मग मुलगा असो की मुलगी, तर बॅरनपद त्याचं. नाहीतर ते जायचं चुलतभाऊ फुल्ककडे. त्याने तर गावाचं कुरण कुंपण घालून बंद करण्याची भाषा आधीच सुरू केली होती.

मूल जिवंत आहे हे ठरवायचा तिथला कायदा अजब होता. चार पुरुषांनी घराबाहेर उभं राहून, चार भिंतींच्या आतलं त्याचं रडणं आपल्या कानांनी ऐकलं पाहिजे, तेही जन्मल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत. बाईमाणसाची साक्ष चालत नसे. हा कायदा करणाऱ्यांपैकी एकही जण बाळंतिणीच्या खोलीकडे फिरकला नसावा, असं प्रॉसर दरवेळी म्हणतात.

सुईण होती गॉडिथ. मुलगी जन्मली ती एवढीशी, ओंजळीत मावेल अशी. श्वास घेत होती, डोळे उघडत होती, रडतही होती. पण ते रडणं मांजराच्या पिल्लाइतकं बारीक, आणि भिंती दोन-दोन हात जाड. बाहेर शेरीफ, म्हणजे राजाचा अंमलदार, चार साक्षीदारांना घेऊन उभा. दोन ॲव्हिसच्या बाजूचे, दोन फुल्कचे. फुल्कच्या दोघांतला एक होता ऑस्बर्न नावाचा म्हातारा शिपाई. त्याचे कान लढायांमध्ये पार गेलेले होते, आणि फुल्कने त्याला आणला होता तो त्याच गुणासाठी.

गॉडिथने दारातून ओरडून सांगितलं, “पोर जिवंत आहे हो! रडतेय!”

“आम्हाला ऐकू आलं नाही,” शेरीफ म्हणाला.

गॉडिथचा संताप झाला. जे तिच्या हातात वळवळत होतं ते जगात नाहीच, असं हे पुरुष म्हणत होते. मग तिच्या ध्यानात आलं, की बाहेर गोंगाट किती आहे! पाद्रीबाबा अंगणातच प्रार्थनेसाठी सकाळपासून घंटा बडवत होते, चक्की घरघरत होती, आणि बाळासाठी देवाचा धावा करणारा अख्खा गाव अंगणात रडत होता. ज्यांना ते मूल हवं होतं, तेच त्याचा आवाज बुडवत होते.

ती अंगणात धावली. “फादर, तुमची हाक देवाला कधीच पोचली. आता पोरीची शेरीफसाहेबांना पोचू द्या!”

घंटा थांबली. चक्कीवाल्याने चाकाला पाचर मारली. आयांनी पोरांना छातीशी धरलं. सूर्य टेकडीला टेकला होता. त्या शांततेत भिंतीपलीकडून एक बारीकसा टाहो आला.

“ऐकलं,” ॲव्हिसचे दोघे म्हणाले. फुल्कचा पहिला साक्षीदार खोट्या शपथेला घाबरला; त्यानेही मान खाली घालून “ऐकलं” म्हटलं.

राहिला ऑस्बर्न. शेरीफने कानाकडे बोट दाखवून त्याला खुणेने विचारलं. म्हाताऱ्याने ओठ मिटून उभ्या असलेल्या त्या गावाकडे पाहिलं. मग स्वच्छ आवाजात म्हणाला, “ऐकलं.”

फुल्क भडकला. “अरे, तुला ढगांचा गडगडाट ऐकू येत नाही!”

“मग साक्षीला कशाला आणलात त्याला?” शेरीफने विचारलं.

बॅरनपद त्या ओंजळभर मुलीचं झालं, आणि कुरण गावाचंच राहिलं. पुढे गॉडिथने ऑस्बर्नला भाकरी वाढताना विचारलं, म्हणे, की खरं सांग, काय ऐकलंस? तो म्हणाला, “मला काय ऐकू येणार, बाई? पण तुम्हा सगळ्यांचे चेहरे एकदम खुलले, ते पाहिले की मी.”

आजही त्या दुपारी गावातल्या सर्वांत बहिऱ्या माणसाला मानाने त्या भिंतीपाशी उभं करतात. तो “ऐकलं” म्हणेपर्यंत कुणी तोंड उघडत नाही.